अवांतर

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयात प्रवेश घेताना एक अर्ज भरावा लागतो. नाव, जात, उत्पन्न, बँकेचे खाते असे सगळे विचारून झाल्यावर त्यात तळाशी 'छंद' असा एक रकाना होता. माझ्या पुढच्या मुलाने त्यात 'वाचन' असे लिहिले. ते पाहून मीही 'वाचन' लिहिले. माझ्या मागच्याने माझ्या खांद्यावरून डोकावून तेच लिहिले. अशा रीतीने खिडकीपुढच्या त्या रांगेत आम्ही तिघे जण एका मिनिटात वाचक झालो! खरी गोष्ट अशी की, आपणहून घेतलेले एखादे पुस्तक शेवटापर्यंत वाचून त्या दिवशी मला चार वर्षे लोटली होती. मी खोटे लिहिले हे कोणाच्या लक्षात आले नाही. कारण तो रकाना कोणी वाचतच नाही.

कोणी पकडले नाही, तरी ते खोटे माझे मलाच टोचत राहिले. म्हणून हा लेख.

आपल्याकडे वाचनावर जे बोलले जाते ते एका ठरावीक चालीवर बोलले जाते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी फोटोला हार घालतात, पाहुणे 'वाचाल तर वाचाल' म्हणतात, आजची पिढी वाचत नाही आणि तिला मोबाईलने बिघडवले असा निष्कर्ष निघतो. आम्ही टाळ्या वाजवतो आणि सभागृहाबाहेर पडताच खिशातला मोबाईल काढतो. मोबाईलवर सगळा दोष टाकून मोकळे होणे पाहुण्यांनाही सोयीचे आणि आम्हालाही सोयीचे. पण माझ्यापुरते सांगायचे तर माझे वाचन मोबाईल हाती येण्याआधीच आजारी पडले होते. मोबाईलने त्याला फक्त खांदा दिला.

ते आधी धडधाकट होते, हेही सांगितले पाहिजे.

मी नामपूरजवळच्या एका मळ्यात वाढलो. वर साल्हेर-मुल्हेरचे डोंगर, खाली मोसम नदी, आणि तिच्या काठाने कांदा, मका, डाळिंब असा हा मुलूख. आमच्या घरात पुस्तक नव्हते. भिंतीवर दिनदर्शिका होती, पत्र्याच्या डब्यात सातबाराचे उतारे आणि खताच्या पावत्या होत्या. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. ते सातवीपर्यंत शिकले. माय चौथीतून शेळ्यांमागे गेली. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला.

मला वाचनाची गोडी लावली ती किराणा दुकानातल्या पुडीच्या कागदाने. शेंगदाणे, जिरे, मोहरी, जे काही यायचे ते वर्तमानपत्राच्या रद्दीत. पुडी सोडली की दाणे मायचे आणि कागद माझा. कथेचा शेवट नेमका फाटलेला असायचा. मग तो मी मनाने रचायचो आणि रात्री बहिणीला सांगायचो. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत एक लोखंडी पेटी भेटली. गुरुजी ती शनिवारी उघडायचे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे कान मोडलेले जुने अंक त्या पेटीत होते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या होता, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. फुरसुंगीचा हा बनेश फेणे सायकलवर टांग मारून सुटला की मी बांधावर बसल्या बसल्या त्याच्यामागे पळत असे. गायीने शेजाऱ्याच्या मक्यात तोंड घातलेले मला दिसत नसे, आणि त्याबद्दल मी मारही खाल्लेला आहे. परंतु गुरुजींनी 'काय शिकलास?' असे कधी विचारले नाही. ते एवढेच म्हणायचे, "संपलं का? मग दुसरं घे."

नंतर मी मोठ्या शाळेत गेलो. तिथे 'अवांतर वाचन' नावाची एक वही होती. प्रत्येक पुस्तकासाठी एक पान. त्यावर पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, प्रमुख पात्रे, आवडलेला प्रसंग आणि शेवटी तात्पर्य. महिन्याला दोन पाने भरलीच पाहिजेत. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण झाले काय? आम्ही मलपृष्ठावरचा मजकूर वाचून तात्पर्य लिहू लागलो. एका हुशार मुलाची वही वर्गभर फिरू लागली. 'श्यामची आई' या पुस्तकाचे तात्पर्य चाळीस वह्यांत अक्षरश: एकाच शब्दांत उतरले. त्यांतली एक वही माझी. गंमत अशी की, मी ते पुस्तक खरोखर वाचले होते आणि वाचताना रडलोही होतो. पण मनातले लिहिले तर ते चुकेल, गुण जातील, या भीतीने मी त्या वहीतलेच उतरवले. वाचन आणि मी यांच्यात पहिली फट पडली ती त्या दिवशी.

त्या वहीवरचा शब्द मात्र पाहण्यासारखा आहे. सभेत एखादा वक्ता भरकटला की लोक म्हणतात, 'अवांतर नको, मुद्द्यावर या.' म्हणजे जे मुद्द्याचे नाही ते अवांतर. पाठ्यपुस्तक हा मुद्दा, आणि मराठीत लिहिले गेलेले बाकी सगळे, कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रे, प्रवासवर्णने, हे अवांतर! एवढ्या मोठ्या वाङ्मयाला आपण रोज कोणत्या नावाने हाक मारतो याचा विचार आपण कधी केला आहे काय?

मी आठवीत असताना, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी आली. शाळा बंद झाल्या. ऑनलाईन तासांसाठी आप्पांनी कांद्याच्या पैशातून मोबाईल आणला. मळ्यात रेंज फक्त लिंबाच्या झाडाखाली यायची, म्हणून मी दिवसभर त्या झाडाखाली. तास चाळीस मिनिटांचा, आणि बाकीचा मोबाईल सोळा तासांचा! दर अर्ध्या मिनिटाला काही तरी नवे डोळ्यांपुढे येई. मनाला तशीच सवय लागली. शाळा उघडल्यावर पुस्तक हातात घेतले तर एक पान संपेना. डोळे ओळीवर आणि अंगठा आपला पान वर सारायला बघतोय, अशी स्थिती. तोवर दहावी आली, अपेक्षित प्रश्नसंच आले, आणि 'आता अभ्यास कर, वाचायला जन्म पडला आहे' हे वाक्य चारही बाजूंनी ऐकू येऊ लागले.

तरीही मोबाईल आणि दहावी यांतून मी कदाचित बाहेर आलो असतो. खरी कुलूपबंदी निराळ्याच प्रसंगाने झाली. मी बारावीत होतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती मे २०२४ मध्ये उठली. पण डिसेंबरातला लाल कांदा मे महिन्याची वाट पाहत थांबत नाही. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. त्या आठवड्यात एक दिवस आप्पा बाजारातून परत आले. मी ओट्यावर बसून मित्राकडून आणलेली एक कादंबरी वाचत होतो. फार दिवसांनी माझे मन रमले होते. आप्पांनी पिशवी खुंटीला अडकवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. पण मी कादंबरी मिटली आणि अर्थशास्त्राचे पुस्तक उघडले. ती कादंबरी मी दुसऱ्या दिवशी परत दिली. तिचा शेवट मला अजून माहीत नाही.

मित्रहो, माझ्या मते मेख इथे आहे. आपल्यासारख्या घरांत प्रत्येक वस्तूला भाव विचारला जातो, आणि तो विचारावाच लागतो. मुलाची फी, बसचा पास, वह्या, हे सगळे कांद्यातून निघते. मग मुलाने वाचलेल्या तासालाही भाव विचारला जातो. यातून काय मिळणार? परीक्षेत येणार का? नोकरी लागणार का? विचारणारा वाईट नसतो. पुष्कळदा तो विचारतही नाही. आपणच आपल्याला विचारतो. ज्या घरात दोन पिढ्यांची पुस्तकांची कपाटे आहेत तिथे कादंबरी वाचणाऱ्या मुलाचे कौतुक होते. आपल्या घरात तोच मुलगा स्वत:ला चोर समजतो, बापाच्या घामाचा एक तास आपण खिशात घातला असे त्याला वाटते. मौजेसाठी वाचण्याची इच्छा माझ्यातून गेली ती आळसाने गेली नाही, की बुद्धी कमी म्हणूनही गेली नाही. ती या अपराधाच्या भावनेने गेली. आणि माझ्यासारखे या महाविद्यालयात पुष्कळ असतील, अशी माझी समजूत आहे.

याचा परिणाम अभ्यासिकांत जाऊन पाहावा. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत पुस्तकात मान घालून बसलेली मुले मला ठाऊक आहेत. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी तलाठी परीक्षेसाठी, कोणी राज्यसेवेसाठी. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. मीही त्यांच्यातलाच एक. 'कोसला' कोणाची? भालचंद्र नेमाडे यांची. प्रकाशन? १९६३. त्यांना ज्ञानपीठ कोणत्या वर्षाचे? २०१४ चे. आम्ही तिन्ही उत्तरे झोपेत देऊ. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातून पुण्याच्या कॉलेजात शिकायला जातो, म्हणजे जवळपास आपला भाऊबंदच. पण त्याच्या पहिल्या पानालाही हात न लावता मी त्याच्यावरचे तिन्ही प्रश्न बरोबर सोडवले होते, आणि मला त्याचे काही वाटलेही नव्हते!

आता हे कुलूप कसे उघडले ते सांगतो. त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी सामान्य ज्ञानाचे एक पुस्तक घ्यायला आपल्या ग्रंथालयात गेलो होतो. कार्डे दोन, पुस्तक एक. ग्रंथालयातले काका म्हणाले, "दुसरं कार्ड रिकामं कशाला ठेवतोस? त्याला काय भाडं लागतं का?" आणि परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगातून वरचे पुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवले. आनंद यादव यांचे 'झोंबी'. चांगले जाडजूड होते. नको म्हणायला भीड पडली म्हणून घेतले, पिशवीत टाकले आणि विसरून गेलो.

त्याच आठवड्यात उन्हाळ कांद्याचा ट्रॅक्टर नामपूरच्या बाजारात न्यायचा होता. सकाळच्या लिलावात नंबर लवकर लागावा म्हणून रात्रीच रांगेत उभे राहावे लागते. आप्पा आणि मी गेलो. दहाच्या सुमारास माझ्या मोबाईलची बॅटरी संपली. आप्पा ट्रॉलीवर गोणपाट अंथरून आडवे झाले. डास एवढे की झोप अशक्य. शेजारी चहाच्या टपरीचा दिवा होता. निदान दोन पाने सामान्य ज्ञान तरी करावे म्हणून मी पिशवीत हात घातला, तर हाताला 'झोंबी' लागले.

हे यादवांचे आत्मचरित्रात्मक लेखन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे मला अर्थातच पाठ होते! आत काय आहे ते ठाऊक नव्हते. कोल्हापूरकडच्या कागलचा एक शेतकऱ्याचा मुलगा शाळेत जाण्यासाठी गरिबीशी आणि प्रत्यक्ष बापाशी झोंबी घेतो, त्याची ही हकिकत. पहिली चार पाने जड गेली. हात दोन-तीनदा खिशाकडे गेला, पण खिशातले यंत्र मेलेले. पाचव्या-सहाव्या पानावर केव्हा तरी मी डास मारायचे विसरलो. मळा, ढोरे, पिकाला पाणी पाजणे, घरातली माणसे, शिव्या आणि माया! भाषा कोल्हापूरची, आपली अहिराणी नव्हे. पण घर आमचेच. आमच्यासारख्यांचे रोजचे जगणे एवढ्या जाड पुस्तकात मावते आणि कोणी तरी ते छापते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

"काय वाची राह्यना रे?" ट्रॉलीवरून आवाज आला.

मी दचकलो. डिसेंबरातला तो ओटा आठवला. बाप मुलाला शाळेत जाऊ देत नाही अशी गोष्ट आहे, हे बापालाच कसे सांगायचे? पण सांगितले. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जोरमा वाच."

मी मोठ्याने वाचू लागलो. आप्पा मध्येच थांबवून विचारायचे, विहिरीला पाणी किती होते? मोट किती बैलांची? त्या बापाला जमीन स्वत:ची होती की दुसऱ्याची? आमच्या कोणत्याही परीक्षेत न येणारे प्रश्न! पण त्यांतले काहींची उत्तरे शोधायला मी मागची पाने उलटली, आणि मला पुस्तक अधिक कळले. पुढच्या ट्रॉलीवरचे दोघे जण येऊन चाकाला टेकून बसले. त्यांतला एक लवकरच घोरू लागला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुसऱ्याने सगळ्यांना चहा पाजला. माझा घसा बसला, मी पुस्तक मिटले, तर तोच म्हणाला, "मंग पुढे काय व्हयनं?"

मंग पुढे काय व्हयनं! हा प्रश्न मी किती वर्षांनी ऐकला. पुडीच्या कागदाचा शेवट रचताना माझी बहीण हेच विचारायची. 'अवांतर वाचना'च्या वहीत हा रकाना कधीच नव्हता.

पहाटे पहाटे आप्पांनी मला एक गोष्ट सांगितली. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली, त्या वेळी ते दोन दिवस जेवले नव्हते. मी इतक्या वर्षांचा झालो, पण हे मला कधी कळले नव्हते. त्यांना सांगावेसे वाटले नसेल, किंवा मी कधी असे काही वाचून दाखवले नसेल. सकाळी कांद्याला काय भाव लागला ते इथे सांगत नाही. तो विषय वेगळा आहे, आणि तो काही अवांतर नाही!

नंतर मी पुष्कळ विचार केला. आमच्या घरात वाचणारे कोणी नव्हते, असे मी नेहमी सांगत आलो. ते खरे आहे. पण ऐकणारे पिढ्यान्‌पिढ्या होते. श्रावणात गावात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप', कधी 'नवनाथ भक्तिसार'. एक जण वाचणार, एक जण अर्थ सांगणार आणि पन्नास जण ऐकणार. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते, पण पांडव वनात कोठे कोठे फिरले ते तिला गावच्या रस्त्यासारखे माहीत होते. त्या पोथीचे तात्पर्य तिला कोणी लिहायला लावले नाही. उद्या काय होणार या ओढीने ती भाकरी लवकर उरकून देवळात जाऊन बसायची. एकट्याने, मुकाट्याने, कोपऱ्यात बसून वाचणे ही आमच्यासाठी नवी गोष्ट आहे. ती जमली नाही म्हणून आम्हाला वाचनाचे प्रेमच नाही, असे कोणी समजू नये.

साने गुरुजींनी १९३३ साली आपल्याच जिल्ह्यात, नाशिकच्या तुरुंगात, 'श्यामची आई' लिहिले. त्याची रचनाही अशीच आहे. श्याम रोज रात्री आठवणी सांगतो आणि मित्र भोवती बसून ऐकतात. प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावे आहेत. अशा बेचाळीस रात्री. ज्या पुस्तकाचे तात्पर्य आम्ही चाळीस वह्यांत उतरवले ते मुळात ऐकणाऱ्यांसाठी रचलेले होते!

आणि हे केवळ आपल्याकडेच नाही. क्यूबा देशात सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून वाचक ठेवण्याची प्रथा पडली. कामगार तंबाखूची पाने वळत बसायचे आणि उंच आसनावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याच्या पगारासाठी कामगार स्वत: वर्गणी काढत. अलेक्झांडर ड्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' ही कादंबरी त्यांना इतकी आवडली की एका सिगारचे नावच 'मॉन्टेक्रिस्टो' पडले, असे सांगतात. हाताने तंबाखू वळणाऱ्या माणसाला जर ड्यूमा लागतो, तर कांदा निवडणाऱ्याला कादंबरी का लागू नये?

यावर आक्षेप येतील. काही मित्रांनी ते माझ्या तोंडावर घेतलेही आहेत. पहिला आक्षेप असा की, मौजेचे वाचन हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. आपल्याला आधी नोकरी हवी. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण नोकरी मलाही हवी आहे. अभ्यासिका सोडा असे मी कोणाला सांगत नाही. पण एक उदाहरण पाहा. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, त्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वत: लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. ते पुस्तक अभ्यासक्रमात नव्हते. ते अवांतरच होते. पुढे १९५६ साली नागपूरला काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. कोणत्या पुस्तकाचे बी कोठे आणि किती वर्षांनी उगवेल हे पेरणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पण पाहा, इथेही मी उपयोगच सांगू लागलो! भाव सांगण्याची सवय सुटत नाही. खरे उत्तर याहून साधे आहे. त्या रात्री रांगेत आम्हा चौघांना बरे वाटले, एवढेच. ज्याच्या कांद्याचा भाव दुसराच कोणी ठरवतो, त्याला एक रात्र बरे वाटायला कारण का द्यावे लागावे?

दुसरा आक्षेप मोबाईलवर गोष्टी ऐकता-वाचता येतात हा. येतात, आणि मीही ऐकतो. माझे मोबाईलशी वैर नाही. पण मोबाईल 'विहिरीला पाणी किती होते?' असे विचारायला थांबू देत नाही. तो लगेच पुढचे दाखवतो.

आता थोडे आपल्या महाविद्यालयापुरते. ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे सांगितली. त्यांतली पहिली तीन अशी की, ग्रंथ वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. मला माझा ग्रंथ ग्रंथालयातल्या काकांच्या एका वाक्याने मिळाला. ती गोष्ट योगायोगावर सोडू नये, एवढीच माझी विनंती आहे. परत आलेल्या पुस्तकांचे टेबल दिवसभर दारापाशी मांडून ठेवावे, म्हणजे भीड न वाटता ती हाताळता येतील. आठवड्यातून एक तास, शनिवारचा असला तर फारच छान, कोणी तरी मोठ्याने वाचावे आणि ज्याला ऐकायचे त्याने येऊन बसावे. त्याला गुण नकोत, प्रमाणपत्र नको, हजेरी नको आणि कृपा करून फोटोही नको. एखादे पुस्तक आवडले नाही तर अर्धे सोडण्याची परवानगी असावी. आणि प्राध्यापकांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, आम्ही काय वाचले पाहिजे याची यादी आपण दरवर्षी देता. त्याऐवजी एकदा, रात्री झोप मोडून आपण स्वत: काय वाचले होते, ते सांगा. आम्ही ते पुस्तक त्याच दिवशी शोधत जाऊ.

हे अशक्य आहे काय? साताऱ्याकडच्या भिलार या स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावात ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. कोणीही जाऊन बसावे आणि वाचावे. इतके दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात ओझरजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावर, भीमाबाई जोंधळे यांनी आपल्या हॉटेलात टेबलाटेबलावर पुस्तके ठेवली. जेवण येईपर्यंत गिऱ्हाईक वाचत बसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. पेढ्यांबरोबर एकेक पुस्तक वाटले असते तर दर्जाला शोभले असते.

शेवटी, मी आता मोठा वाचक झालो असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. अजून आठ-आठ दिवस पुस्तक उघडले जात नाही. अजून अंगठा सवयीने पान वर सारायला बघतो. पण ते चोरटेपण गेले. पावसाळ्यात संध्याकाळी माय भाकरी करते, आप्पा भिंतीला टेकून बसतात आणि मी दहा-पंधरा पाने वाचतो. माय म्हणते, मला काय कळतं त्यातलं. आणि तवा उतरवून तशीच बसून राहते. 'झोंबी' संपायला आम्हाला सव्वादोन महिने लागले, दंडही भरावा लागला. संपले त्या दिवशी आप्पांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "मंग पुढे?"

यादवांनी पुढचा भाग लिहिला आहे, असे मी सांगितले. नाव 'नांगरणी'. ते नाव ऐकून आप्पा हसले. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो आणि दोन्ही कार्डे पुढे केली. अर्जातला 'छंद' हा रकाना पुन्हा कधी भरावा लागला, तर या वेळी मी पुढच्याचे बघून लिहिणार नाही.